ढिल्या बाजा

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात एकही घर विकत घेतलं नाही. पण बेंबळीपासून माकणीपर्यंत ज्यानं त्यांना न विचारता घर घेतलं तो पस्तावला असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घर बघायला ते कधी जेवून जात नसत. भरल्या पोटी सगळीच घरं चांगली दिसतात म्हणे. दाराशी पोचले की आधी घराकडं पाठ करून उभे राहत आणि गल्ली न्याहाळत. "घरात माणूस निजायपुरता ऱ्हातो, जावईबापू. बाकी ऱ्हातो तो गल्लीतच," हे त्यांचं ठरलेलं. ईट गावात तर त्यांनी एका भल्या माणसाचं घर आत पाऊल न टाकताच नापास केलं, कारण गल्लीतली कुत्री मामांवर भुंकली नाहीत. परक्यावर कुत्री भुंकत नाहीत, म्हणजे इथं परक्यांचा राबता फार, असा त्यांचा हिशेब.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. बेंबळीत माझं किराण्याचं दुकान होतं आणि आम्ही सगळे भाड्याच्या दोन खणांत राहत होतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि पाडव्यापर्यंत जागा सोडा असा निरोप आला. घर घ्यायचं तर आईच्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या, आणि घर चुकलं तर दुसऱ्यांदा मोडायला काही उरणार नव्हतं. मला तर झोप लागेनाशी झाली होती. अशात चावडीला लागूनचं एक घर विकायला निघालं. मालक कापडाचा व्यापारी. सोलापूरला निघाला होता. त्यानं घर नव्यासारखं करून घेतलं होतं. माळवदावर नवी माती, भिंतींना चुना, शहाबादी फरशी, सागवानी दार. "सरकारच्या सावलीतलं घर हाय. चोराची बिशाद न्हाय," तो म्हणाला आणि किंमतही सावलीसकट सांगितली. बायकोनं तेवढ्यात देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवून टाकली.

मामांनी फरशीकडं पाहिलंही नाही. ते सरळ शेजारी ताक मागायला गेले. ही त्यांची जुनी खोड. शेजार ताकावरून कळतो म्हणत. मी संकोचानं मागोमाग. पहिल्या घरी ताक झकास मिळालं, पण बाजेवर बसताच मामा इतके खाली गेले की गुडघे हनुवटीला लागले. तसंच बसून त्यांनी ताक संपवलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरची बाज तर झोळीच होती. मामांचा चेहरा मात्र खुलत चालला होता.

"आजी, दारात दोन म्हशी, अन् पायथ्याची अदवान वढून बाज ताठ करायला कुणी न्हाय व्हय?"

म्हातारीनं आधी दाराकडं पाहिलं. "वढली की बाज चावडीवर जाती, बाबा. सायेब दौऱ्यावर आला की शिपाई जवळच्याच घरात शिरतो. दूध न्हेतो, सरपण न्हेतो. ढिल्या बाजंवर सायेबाला झोप येत न्हाय, म्हणून तेवढी वाचती."

घर हातचं गेलं असं मला वाटलं. मामा मात्र परत येऊन मालकासमोर मजेत बसले.

"चुना झकास, फरशी झकास. त्याचं पैसं देतो. चावडीचं मात्र तुमी आमाला द्यायचं."

"म्हंजी?"

"तुमची बाज कुठंय?"

"सोलापूरला धाडली."

"धाडली, का चावडीवरनं परतच आली न्हाय?"

मालक हसायलाच लागला. किंमत उतरली. घर झालं आणि आईच्या हातात एक पाटली राहिली. त्या रात्री मी घोड्यासारखा घोरलो, असं बायको अजून सांगते.

पुढं काही वर्षं आम्हीही बाज ढिलीच ठेवली. मग निजामाचं राज्य गेलं, शिपाई बाजा मागायला येईनासे झाले, आणि एका दुपारी अख्खी गल्ली अदवानी ओढायला अंगणात आली. मामा मुद्दाम बघायला आले. आमच्या घट्ट बाजेवर त्यांनी हातानं थोपटून पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "जावईबापू, माझी किंमत चुकली. घर लईच सस्तात पडलं तुमाला." एवढं बोलून ते आडवे झाले आणि ताक यायच्या आत झोपी गेले.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अदवान सैल झाली की मी अजून स्वतः ओढतो, आणि त्यांची फार आठवण आली की त्याच बाजेवर जाऊन पडतो. लगेच झोप लागते.