टेकडीचे साठ

घाडीकाकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी तोलून बघत. चहाचा कप, भाजीची पिशवी, शेजारच्यांचं नवं बाळ. हात दोनदा वरखाली करायचे, डोळे बारीक करायचे आणि वजन सांगून मोकळे व्हायचे. बाळाच्या आजीला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण दवाखान्यातल्या काट्याने काकांचंच खरं केलं. आयुष्यभर कुरिअरच्या गोदामात पार्सलं उचलल्यावर दुसरं काय होणार, असं काकू म्हणायच्या.

भांडुपच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. ओळख फक्त जिन्यातली. मी नोकरी सोडून मालवणी मसाला, कुळथाचं पीठ आणि कोकमाचं आगळ ऑनलाइन विकायला लागले, तेव्हा ते पहिल्यांदा घरी आले. माझं दुकान म्हणजे मोबाईलवरचं एक पान आणि स्वयंपाकघरातली दोन कपाटं. त्या पानावर मी ऐटीत लिहिलं होतं, मुंबईत कुठेही डिलिव्हरी चाळीस रुपये.

“ह्यो चाळीसचो आकडो खयसून काढलंस गो?”

“सगळे तेवढेच घेतात, काका.”

“सगळ्यांचा सोड. तू थंय जावन इलंस?”

मी हसले. ते हसले नाहीत. “आधी वझा घेवन जा, मगे भाडा लाव,” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे राहिले.

पुढचा आठवडाभर आम्ही दोघं पार्सलं घेऊन हिंडलो. मला नको झालं होतं, पण या माणसाला नाही म्हणणं जमायचं नाही. नाहूरच्या नव्या इमारतींना लिफ्ट होती, तरी वॉचमन वहीत नाव लिहून घेण्यात दहा मिनिटं घालवायचा. गोराईला होडी सुटेपर्यंत जेट्टीवर उन्हात बसलो, तेव्हा काका म्हणाले, “ह्या वाट बघण्याचा पण भाडा धर.” आणि शेवटी आमच्याच भांडुपची टेकडी. वरच्या वस्तीत ना रिक्षा जाते ना बाईक, नुसत्या पायऱ्या. दोन किलोची पिशवी काकांनी माझ्या हातातून काढून घेतली नाही. “तूच घे. हाताक कळांदे,” एवढंच म्हणाले. वर पोचल्यावर मात्र तेच एका निळ्या दाराच्या घरासमोर पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. घरातल्या बाईंनी पाणी दिलं. वय झालंय, दमले असतील, असं मला वाटलं आणि मी ते विसरूनही गेले.

भाडी ठरली. नाहूरला तीस, गोराईला ऐंशी, टेकडीला साठ. वर पार्सल नेणाऱ्याला ते साठच्या साठ द्यायचे, ही काकांची अट.

मग मसाल्याचा हंगाम आला. वर्षाचा मसाला लोक याच दिवसांत भरून ठेवतात. वस्तीतून मेसेज यायला लागले, ‘आम्ही टेकडीवर राहतो हा काय गुन्हा आहे का?’ मला ते लागलं. खरं सांगायचं तर ऑर्डरी हातच्या जातील ही भीतीही होती. मी काकांना न विचारता पानावर टाकलं, डिलिव्हरी सर्वत्र फुकट.

दोन दिवस काका जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “फुकट काय नसता गो. पैशान नाय तर कोणाच्या तरी पायान भरूचा लागता.”

“काका, आता शब्द दिलाय लोकांना.”

“दिलंस ना? मगे तो पोचाक होयो.” मग म्हणाले, “टेकडीची पार्सलां माझ्याकडे दी. वळखीचो एक माणूस आसा, तो वर न्हेता.”

मी निर्धास्त झाले. पार्सलं त्यांच्या घरी ठेवायची, दुपारपर्यंत गिऱ्हाइकांचा मेसेज यायचा, पोचलं. मसाल्याचे डबे भराभर रिकामे होत होते आणि मी खुशीत होते. त्या माणसाचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही, त्याचे साठ कोण देतं हेही नाही. विचारायला हवं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी काका बाहेरून आले, काकूंकडे पाणी मागितलं आणि तांब्या यायच्या आधीच गेले. हृदय आधीपासून अधू होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते ठाऊक नव्हतं. काकूंना होतं.

तेरावं झाल्यावर काकूंनी मला खाली बोलावलं. फळीवरून दोन पिशव्या काढून माझ्या हातात दिल्या. “ह्यी तुझी दोन ऱ्हवली हत.”

“ते ओळखीचे आहेत ना, पार्सलं वर नेणारे, त्यांचा नंबर द्याल का?”

काकू माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग आत निघून गेल्या. मला वाटलं, दुःखात आहेत, आता कशाला त्रास द्यायचा. पिशव्या घेऊन मीच टेकडी चढले.

दुसरी पिशवी निळ्या दाराच्या घरची होती. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं. “काका नाही आले? रोज पिशव्या घेऊन तेच यायचे ना. हल्ली फार धापा टाकायचे हो. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. तर म्हणाले, पोरगीन शब्द दिल्यान हा.”

मी त्याच पायरीवर बसले. काका गेले, एवढं कसंबसं सांगितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. मग आतून पाणी आणलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जरा वेळाने, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, “डिलिव्हरीचं किती द्यायचं, ताई?”

पानावर अजून ‘सर्वत्र फुकट’ असंच लिहिलेलं होतं. मला तो शब्द उच्चारता आला नाही.