भाजीचं पाणी

माझं माहेर मुरगूडकडचं, शेतकऱ्याचं. आईनं माझ्याकडून दोनच गोष्टी घोकून घेतल्या. ज्या महिन्यात जे उगवतं ते त्या महिन्यात खायचं, आणि उकडलेल्या भाजीचं पाणी टाकायचं नाही. सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, म्हणायची. शेपू असो, पावटे असोत, शेवग्याचा पाला असो, ते पाणी आमटीत जायचं नाहीतर भाकरीच्या पिठात. चुकून मोरीत गेलं तर पाठीत धपाटा बसायचा.

एवढं शहाणपण घेऊन मी शिवाजी पेठेत नांदायला आले आणि जन्मभर ते मिरवलं. पावसाळ्यात जवळच्या गडमुडशिंगी गावच्या बायका माळवं, भाजीपाला विकायला यायच्या, त्यांच्या बुट्टीत तळाशी माझ्यासाठी कुर्डू, टाकळा असल्या रानभाज्या ठेवलेल्या असायच्या. थंडीत हरभऱ्याचा पाला, वरण्याच्या शेंगा, ओला पावटा. गल्लीत कुणाचे गुडघे धरले, कुणाचं पोट बिघडलं, की बायका आधी माझ्याकडं यायच्या, आणि मी पण डॉक्टरीण असल्यासारखी बोलायचे. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, चेष्टा करायचे की हिच्या हातचं खाऊन माणसाला आजारी पडायची चोरी. आणि तेच पडले.

शुगर जुनी होती. ती किडन्यांवर गेली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण खाण्यापिण्याला जपलंत तर डायलिसिस पुढं ढकलता येईल. मालकांना त्या मशीनची धास्ती होती. त्यांच्या थोरल्या भावाला त्यावरच संपताना बघितलेलं. घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "त्या सुईवर मला घालू नगंस." मी म्हटलं, मी आहे ना.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईनं कागद दिला होता. नारळपाणी बंद, केळी बंद, पालेभाजी जवळजवळ बंद. उरलेली भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची आणि पाणी फेकायचं. पाण्यात पोटॅशियम उतरतं, ते अंगात साठलं तर काळीज बंद पडतं, असं तिनं नीट समजावलं होतं. खोटं कशाला सांगू, मला सगळं कळलं होतं. मी विचारलं, मग भाजीत राहतं काय? म्हणाली, भाजी राहते. कालची पोरगी, परगावी असलेल्या माझ्या सुनेच्या वयाची. मला शिकवते!

मग मी काय केलं? कागदही पाळला आणि आईलाही पाळलं. भाजी उकडून, पिळून, चोथा झालेली त्यांच्या ताटात वाढायची. आणि ते हिरवं पाणी डाळीत घालून त्यांना वाटीभर आमटी द्यायची. जे सोसवत नाही ते भाजीतच अडकत असेल, पाण्यात ताकदच उतरत असेल, असं मी स्वतःला पटवलं. मालक ताटातली भाजी चिवडायचे, पण आमटी मात्र भुरकून प्यायचे. मला वाटायचं, बघा, अंगाला लागतंय. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत माझं हे चाललं होतं.

भोगीला मी हट्टच धरला. जो न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणत वाढलेली बाई मी. गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, सगळं आणलं. भाजी रीतसर उकडली, आणि त्या दिवशी तर तिच्या पाण्यात डाळ नुसती नावाला घातली. मालक दोन वाट्या प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. पायात जीव नाही म्हणाले. शेजाऱ्यांनी गाडीत घालून नेलं. दवाखान्यात छातीला तारा लावल्या आणि धावपळ सुरू झाली. दुपारी ते त्या मशीनवर होते. मानेत जाड नळी. मी दारात उभी होते आणि त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. पोटॅशियम एवढं वाढलं कसं, म्हणाले, भाजीचं पाणी टाकता ना? मी मालकांची चादर सारखी करायला लागले. मालकच बोलले. "टाकती की. एक थेंब ठेवत न्हाय."

डॉक्टर गेल्यावर मी कॉटवर बसले आणि सांगून टाकलं. टाकत नव्हते, आमटीत घालत होते, एवढे दिवस. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हिरवी आमटी कुठं असती काय? पयल्या दिवशीच कळलं."

मग बोलला का नाहीत, म्हटलं.

"बोललो असतो तर तू बंद केली असतीस. मग जेवायचं काय? आन् तुला काय उरलं असतं?"

मला असा राग आला की काय सांगू. चाळीस वर्षांचा संसार, आणि या माणसानं माझ्या हातानं स्वतःचं वाटोळं करून घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून! मी रडले नाही. नळावर जाऊन तोंड धुतलं.

नंतर डॉक्टरांना गाठून खरं सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण किती दिवस मिळाले असते, हे मी विचारलं तेव्हा ते कागद चाळायला लागले.

आता दिवसाआड मशीन. हातावर सुयांच्या गाठी आल्यात. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, हे खाऊ का, ते खाऊ का. मी म्हणते, डॉक्टरला विचारा, मला काही कळत नाही. भाजी उकडते, पाणी मोरीत ओतते. आमटी साध्या पाण्यात करते. मालक दोन घास खातात आणि बास झालं म्हणून ताट सरकवतात. मी आग्रह करत नाही. त्यांनी अजून थोडं खावं असं म्हणायला माझ्याकडं आता काही राहिलेलं नाही.