सरूमावशीची झाकणाची शेगडी

'चुलीवरचं' म्हटलं की ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यांना मला एकच विचारायचं आहे. फुकणी शेवटची कधी हातात धरली होती? उत्तर मला ठाऊक आहे. मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढाब्यांनी पाट्या रंगवल्या आहेत, चुलीवरची भाकर, चुलीवरचं भरीत. पाटीवर चूल असते, जाळ असतो, मडकं असतं. चुलीपुढे बसून डोळे चोळणारी बाई मात्र एकाही पेंटरने रंगवलेली नाही.

माझी सरूमावशी ही ती न रंगवलेली बाई. चांदनी स्टेशनावर उतरून चालत जाता येईल अशा खेड्यात तिचं घर. मागे केळीची बाग, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली चूल. सतराव्या वर्षी ती त्या चुलीपुढे बसली, आता एकसष्ट वर्षांची आहे. घरात गॅस येऊन पंधरा वर्षं झाली, पण निंबाकाकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, गॅसवरची भाकर घशाखाली उतरत नाही. त्यामुळे गॅसवर चहा होतो आणि दूध तापतं. बाकी सगळं चुलीवर.

निंबाकाका वाईट माणूस नाहीत. कधी हात उगारला नाही, कधी ताट भिरकावलं नाही. एवढ्यावर आमच्याकडे माणसाला देवमाणूस म्हणून मोकळे होतात. मी होत नाही.

मी तृप्ती. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्यांचं काउंटर सांभाळते. पाच वर्षांपूर्वी मीच मावशीला धरून डॉक्टरांपुढे बसवलं होतं. पापण्या सुजलेल्या, डोळे लाल, बोलता बोलता खोकल्याची उबळ. डॉक्टर म्हणाले, "आजी, औषध मी देतो, पण आधी धूर बंद करा." बाहेर येऊन मी काकांना हे सांगितलं. काका मान डोलावून म्हणाले, "करू ना. हा भरिताचा सीजन होऊ दे."

भरिताचा सीजन दरवर्षी येतो, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही.

थंडी पडली की आमच्या भागात हिरवी-पांढरी, नारळाएवढी वांगी येतात. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची आणि बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचायची. पुरुषमंडळी शेतात पार्टी करतात, वर्षातून एकदा स्वतः वांगी भाजतात आणि उरलेलं वर्षभर ते सांगत फिरतात. घरची वांगी कोण भाजतं हे कोणी सांगत नाही. चंपाषष्ठीला तर खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, त्यामुळे सगळी भावकी मावशीच्या अंगणात जेवायला. तीस-चाळीस पानं. मावशी पहाटेपासून चुलीपुढे. जेवून उठताना प्रत्येक जण म्हणतो, "सरूबाईच्या चुलीची चव कुठेच नाही." चुलीची म्हणे!

आणि हे कमी होतं म्हणून की काय, योगेंद्रने तिचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

योगेंद्र हा मावशीचा थोरला. पुण्यात कंपनीत आहे, आईवर जीव आहे, यात खोटं काही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या चंपाषष्ठीला तो मोबाइल घेऊन चुलीसमोर उकिडवा बसला होता. मावशीने फुकणी तोंडाला लावली, गाल फुगवले, फुंकर मारली. धूर उठला, ती खोकली, पदराने डोळे पुसले. योगेंद्र मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "आई, पुन्हा फुंक ना. धूर नीट आला नाही."

ती पुन्हा फुंकली. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं, ती तिसऱ्यांदा फुंकली. मी तिथेच लसूण सोलत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सणाच्या दिवशी तोंड कशाला उघडा म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. खाली लाल बदामांचा नुसता पाऊस. 'आईच्या हातची चव', 'हेच खरं सुख'. कोणाचं सुख, ते कोणी लिहिलं नव्हतं.

मग गेल्या दिवाळीनंतर मावशी आठ दिवस पुण्याला जाऊन आली. आली ती थेट माझ्याकडे. चहाही न घेता म्हणाली, "तृप्ती, योगेंद्रकडं एक शेगडी हाये. अंड्यासारखी. जाडजूड मातीची, झाकनाची."

योगेंद्रच्या गच्चीवर सिरॅमिकची कोळशाची ग्रिल होती. एका संध्याकाळी त्याचे मित्र आले तेव्हा साहेबांनी हाफ पँट घालून, उभ्या उभ्या, एका हातात सरबताचा ग्लास धरून तिच्यावर वांगी भाजली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाहत होती.

"त्यानं एकदाही फुकलं नाई," मावशी म्हणाली. "मी पूरा टाइम पाहिलं. खाली एक खिडकी हाये, वर एक. ती सरकवली का जाळ कमी-जास्त होते. धूर जराक वर जाते, बस. त्याच्या डोयात पानी नाई आलं."

माझ्या डोक्यात तो व्हिडिओ फिरत होता.

"मले तशी पाहिजे," मावशी म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली ही मला माहीत असलेली पहिली वस्तू. तीही मागितली नव्हती. पैसे तिचेच होते, म्हशीच्या दुधाचे. ती फक्त दुकान दाखव म्हणत होती.

हॉटेलचं सामान विकणारं एक नवं दुकान बायपासकडे झालं आहे. केळीचे व्यापारी बंगले बांधतात, त्यांच्या गच्च्यांसाठी तिथे अशा ग्रिल ठेवलेल्या असतात. आम्ही ऑटोने गेलो. हर्षल नावाचा चुणचुणीत मालक पुढे आला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला. मॅडम, किती पाहुणे असतात? मॅडम, लाल घ्या, लाल फोटोत मस्त दिसते.

"घेणाऱ्या या आहेत," मी म्हटलं.

त्याने मावशीकडे पाहिलं. नऊवारी, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. हसून म्हणाला, "अम्मा, ये शौक की चीज़ है."

मला त्याला दोन शब्द ऐकवायचे होते. मावशीने मला मागे सारलं आणि विचारलं, "फुकायची जागा कुठी हाये?"

"इसमें फूंकना नहीं पड़ता, अम्मा. खालून हवा आपोआप येते."

"अजिबात नाई?"

"अजिबात नाही."

मावशीने तिथलं प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि बसली. थोडा वेळ ती नुसती बसून राहिली. मग उठली आणि माठ घ्यायला आलेल्या बाईसारखी एकेका ग्रिलभोवती फिरू लागली. लाल ग्रिल सगळ्यात मोठी, पण बुटक्या गाड्यावर होती. मावशी तिच्यासमोर उभी राहिली, कंबरेत वाकली आणि म्हणाली, "वाकायचंच असलं त मंग चूल काय वाईट?" लाल बाद झाली. टेबलावर ठेवायची एक छोटी होती, तिच्यात चार वांगी जेमतेम मावली असती, तीही बाद. मधली हिरवी उंच स्टँडवर होती. तिच्यापुढे मावशी ताठ उभी राहिली, कोपरातून हात हलवून वांगं उलटल्याची खूण केली. पाठ वाकली नाही. मग राख कुठून काढायची ते विचारलं, झाकण स्वतः उघडून वजन पाहिलं, कोळशावर पऱ्हाटीच्या दोन काड्या वासापुरत्या टाकल्या तर चालतील का तेही विचारलं.

"चालतील की," हर्षल म्हणाला. आता तो माझ्याकडे बघायचं विसरला होता. "फक्त घरात नाही लावायची. उघड्या अंगणात."

मग मावशीने बोटाच्या सांध्याने ग्रिलवर टकटक केली. हर्षल दचकला. "अम्मा, हा माठ नाहीये!"

"मातीच त हाये," मावशी म्हणाली आणि पुन्हा वाजवलं. वरून आवाज खणखणीत आला. आत हात घालून, कोळसे ठेवतात त्या भांड्यावर वाजवलं. तिथून आवाज बद्द आला. "हे तडकलेलं हाये."

हर्षल म्हणाला, शक्यच नाही, कंपनीचा माल आहे. मावशी वाद घालत बसली नाही, नुसती बोट दाखवत उभी राहिली. शेवटी त्याने मोबाइलची बॅटरी लावून आत डोकं घातलं. केसाएवढी चीर होती, बुडापर्यंत गेलेली. त्याने मुकाट्याने गोदामातून दुसरी हिरवी काढायला लावली आणि म्हणाला, "आता आधी तुम्हीच वाजवून बघा, अम्मा." ही चांगली वाजली.

तेवढ्यात योगेंद्रचा फोन आला. काकांनी त्याला कळवलं होतं. मी स्पीकर चालू केला.

"आई, अगं ते तुझ्यासाठी नाही. आपल्याकडे चूल आहे ना! तुझ्या चुलीची सर त्याला येणार आहे का? सगळे येतात ते त्याच्यासाठीच तर येतात. तू हे घेतलंस की मजाच जाईल सगळी."

"कोनाची मजा?" मावशीने विचारलं.

योगेंद्रला प्रश्न कळला नाही. तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला. मावशीने मला फोन बंद करायला सांगितलं आणि पिशवीतून पैसे काढले.

शेगडी टेम्पोने गावी गेली. काकांनी ती अंगणात उतरवू दिली, पण वर खताचं रिकामं पोतं टाकलं. लोक काय म्हणतील, म्हणे. पंधरा दिवस मावशी पोतं काढायची, काका टाकायचे. ती मला फोनवर सांगायची, "आज पुन्हा टाकलं." तिचा आवाज रडका नसायचा, पण त्या पंधरा दिवसांत तिने घरात बोलणं फार कमी केलं होतं. चंपाषष्ठीला काय होणार याची मला धास्ती वाटू लागली. सगळ्या भाऊबंदांसमोर काकांनी 'चुलीवरच कर' म्हटलं असतं तर ती पुन्हा खाली बसली असती आणि मग ती कधीच उठली नसती. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले.

पहाटे तिने पोतं काढलं, घडी करून गोठ्यात ठेवलं. कोळसे पेटवले, वांग्यांना तेलाचा हात लावून टोचे मारले आणि आठ-आठ करून लावत गेली. उभी राहून. नऊ वाजेपर्यंत तीन पाट्या वांगी भाजून झाली होती, पुढची झाकणाखाली होती आणि मावशी एकदाही खोकली नव्हती.

साडेनवाला योगेंद्र आला. बॅग ठेवायच्या आधी मोबाइल काढला. चुलीकडे पाहिलं, चूल थंड. "आई! हे काय? निदान देवाची वांगी तरी चुलीवर भाज ना."

काका ओसरीवरून म्हणाले, "मी तेच म्हनतो. नैवेद्य त चुलीवरचाच पाहिजे. लोकं काय म्हनतीन?"

अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. सगळे मावशीकडे बघत होते. मी हातातला लसूण खाली ठेवला. या वेळी गप्प बसायचं नाही, असं ठरवूनच आले होते. पण मावशीने माझ्याकडे पाहून मान हलवली. तिने पाच कच्ची वांगी उचलली, चुलीशेजारी मांडली, छपरात खोचलेली फुकणी काढली आणि योगेंद्रच्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "ज्याले चुलीवरचं पाहिजे त्यानं फुकावं."

लोक हसले. योगेंद्रही हसला. "मी फुंकतो ना, त्यात काय!" त्याने मोबाइल आईच्या हातात दिला, "फक्त असं धरून ठेव," म्हणाला आणि चुलीपुढे बसला. पऱ्हाटीला रात्रीचं दव लागलेलं. त्याने काड्या खुपसल्या, पेटवल्या, फुकणी तोंडाला लावून फुंकर मारली. धुराचा लोट उलटा त्याच्याच तोंडावर आला. तो खोकला, डोळे मिटले, बाहीने नाक पुसलं. पुन्हा फुंकर मारली, पुन्हा खोकला. कोणी हसायचं थांबलं, मग सगळेच थांबले. त्याने लाल डोळ्यांनी वर पाहिलं.

मावशी दोन्ही हातांत मोबाइल धरून त्याच्यासमोर ताठ उभी होती. तिने स्क्रीनकडे नीट पाहिलं.

"बेटा, पुन्हा फुंक ना," ती म्हणाली. "धूर नीट आला नाई."

ती चिडून म्हणाली नाही. त्याने ज्या आवाजात म्हटलं होतं, त्याच आवाजात म्हणाली. योगेंद्रच्या तोंडापाशी गेलेली फुकणी तिथेच थांबली. त्याने ती हळूच खाली ठेवली, आणि तो उठला नाही.

निंबाकाका ओसरीवरून खाली उतरले. चुलीपाशी न थांबता हिरव्या शेगडीपाशी गेले, झाकणाकडे हात नेला, कसं उघडायचं ते न कळून थांबले.

"दे वं," ते मावशीला म्हणाले. "यातलंच दे. देव खोळंबला."

मावशीने मोबाइल योगेंद्रच्या मांडीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि झाकण उघडलं.