विमान आलं की हात हलवा

गव्हातले ते गोल कोण काढतं, याच्याशी डॉरीन स्टॅगला कधीच देणंघेणं नव्हतं. रातोरात कुणीतरी उभं पीक आडवं करून शेतभर नक्षी उठवतं. कुणी म्हणे परग्रहावरचे, कुणी म्हणे फळ्या-दोऱ्या घेऊन हिंडणारी गावातलीच टवाळ पोरं. इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात या वादात जो पडला तो कामातून गेला. डॉरीनचं म्हणणं एवढंच, की गोल उमटला की शेतकऱ्याचं कापणीयंत्र, तो हार्वेस्टर, त्यावरून फिरायच्या आत त्याचा वरून फोटो मिळाला पाहिजे. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात जन्म गेलेली ही बाई उन्हाळा लागला की क्लाइव्ह हॉबडेच्या जुनाट विमानात चढायची, उजवं दार काढून ठेवलेल्या बाजूला पट्ट्यांनी स्वतःला आवळून घ्यायची आणि कॅमेरा घेऊन खुशाल बाहेर ओणवी व्हायची.

"पडलीस तर शोधायला येणार नाही हं मी," क्लाइव्ह दर वेळी म्हणायचा. तो निवृत्त टपालवाला. वैमानिक म्हणून चांगला, बडबड्या म्हणून त्याहून चांगला.

साऱ्या पंचक्रोशीत डॉरीनचं वैर एकाच माणसाशी होतं, विल्फ मॅस्लेनशी. त्याच्या टेकडीखालच्या गव्हात दर वर्षी एक तरी गोल हमखास उमटायचा. डॉरीनचा फोटो बाहेर पडला की जगभरचे हौशे-गवशे त्याचं शेत तुडवायला हजर. पबमध्ये बिअरचा ग्लास आपटून तो सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, "तुझे ते भक्त येतात आणि माझ्या गव्हात लोळतात! म्हणे पाठीला शक्ती मिळते. मी मेलो तरी त्या गोलात पाठ टेकणार नाही, लिहून ठेव."

"कोण बोलावतंय तुला?" डॉरीनही काही कमी नव्हती.

जुलैतल्या त्या सकाळी फोन आला, मॅस्लेनच्या शेतात उमटलाय, मोठा आहे. डॉरीनने चहा तसाच टाकला. कोवळं ऊन तिरपं असतं तोवरच नक्षीच्या सावल्या उठून दिसतात, आणि विल्फ काही हार्वेस्टर काढायला ऊन वर यायची वाट बघणाऱ्यातला नव्हता.

वरून पाहिलं आणि तिने लगेच कॅमेरा डोळ्याला लावला. मधोमध एक भलं मोठं वर्तुळ, त्याला बिलगून जरा लहान दुसरं, भोवती चंद्रकोरींची माळ. क्लाइव्हने विमान तिच्या बाजूला कलतं करून घिरट्या घ्यायला सुरुवात केली. पण भिंगातून बघते तर मोठ्या वर्तुळाच्या ऐन मध्यावर कुणीतरी उताणं पडलेलं. कडेला दोन बायका मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या.

"आला एक शक्ती प्यायला!" ती वाऱ्यात ओरडली. "ऊठ की रे बाबा! माझा फोटो नासवलास."

तो हलला नाही. तिने त्याच्यासकट फोटो काढले, दोन शिव्या हासडल्या आणि क्लाइव्हला पुढे न्यायला सांगितलं. टेकडीपलीकडे बार्लीच्या शेतात आणखी एक गोल होता.

तो आटोपून परतताना मॅस्लेनचं शेत पुन्हा खाली आलं. डॉरीनने सहज नजर टाकली. माणूस तिथेच होता. तसाच, एक हात अंगाखाली मुडपलेला. आणि एक काळंपांढरं कुत्रं उभ्या गव्हातून वाट काढत त्या बायकांकडे धावत होतं, तिथून माघारी त्याच्याकडे, पुन्हा बायकांकडे.

तो टिप होता, विल्फचा कुत्रा. मालकाची टाच सोडून कधी कुठे न जाणारा टिप.

मी मेलो तरी त्या गोलात पाठ टेकणार नाही.

"क्लाइव्ह, वळव! विल्फ आहे तो! लोळत नाहीये, पडलाय!"

"इथे उतरता यायचं नाही गं. गव्हात चाक गेलं की उलटलोच आपण."

"मग खाली घे. त्या भवान्यांचे डोळे तरी उघडू देत!"

क्लाइव्हने विमान इतकं खाली नेलं की ओंब्या थरथरताना दिसल्या. बायकांनी डोळे उघडले. डॉरीन दोन्ही हातांनी विल्फकडे बोट दाखवत घसा फोडून ओरडली. बायकांनी हसून हात हलवले. दुसऱ्या फेरीला विमान डोक्यावरूनच गेलं, तेव्हा त्या घाबरून आडव्या पडल्या. आता शेतात तीन जण लोळत होते. वेळ तशी नसती तर डॉरीन हसली असती.

"बोल ना रेडिओवर! रुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर मागव!" डॉरीन ओरडली.

"बोलतोच आहे! शेत कुठलं सांगू त्यांना? टेकडीखाली सगळा गहूच आहे."

"नवा गोल म्हणावं. वरून आंधळ्यालाही दिसेल. आणि धाकट्या वर्तुळात उतरा म्हणावं, सपाट आहे, मोकळं आहे."

मग वाट बघणं आलं. क्लाइव्हने विमान उंच नेऊन शेतावर फिरतं ठेवलं. इंधनाचा काटा उतरत होता, तो मुकाट्याने त्याच्याकडे बघत होता. गप्प बसलेला क्लाइव्ह डॉरीनने पहिल्यांदाच पाहिला. खाली टिप दमून मालकाच्या छातीवर मान टाकून बसला होता. आपण तिथून निघून गेलो होतो, हे डॉरीनच्या डोक्यातून जाईना. शिव्या घालून निघून गेलो होतो.

शेवटी दक्षिणेकडून रुग्णवाहिकेचं पिवळं हेलिकॉप्टर आलं, धाकट्या वर्तुळात अलगद बसलं, आणि त्याच्या वाऱ्याने सगळ्या चंद्रकोरी विस्कटून गेल्या. डॉरीनने कॅमेरा उचललाही नाही.

मेंदूचा झटका होता. थोडा उशीर झाला असता तर खेळ खलास, असं डॉक्टर म्हणाले. शरदात विल्फ काठी टेकत तिच्या दारात उभा राहिला. डावा हात लुळा, बोलणं सावकाश. त्याने त्या सकाळचा फोटो मागितला. तिने पहिला काढलेलाच पुढे ठेवला. लपवायचं मनात आलं होतं, पण तिला ते जमलं नाही.

"तेव्हा मी शुद्धीवर होतो," तो बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाला. "तुझा कॅमेरा दिसत होता. हात हलवायला बघत होतो, हलेना. आणि तू गेलीस."

डॉरीनचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आलीस ना परत. चहा टाक."

त्यानंतर डॉरीन गोलाकडे आधी बघत नाही, माणसांकडे बघते. कुणी आडवं दिसलं की ते हात हलवेपर्यंत क्लाइव्हला घिरट्या घालाव्या लागतात. "एका झोपाळूपायी माझी टाकी रिकामी," तो कुरकुरतो, पण विमान वळवतो.

पुढच्या उन्हाळ्यात विल्फच्या शेतात गोल उमटला तेव्हा त्याने हार्वेस्टर काढला नाही. फाटकावर एक फळी ठोकली. उजव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत तिच्यावर लिहिलं होतं: लोळायचं तर लोळा. विमान आलं की हात हलवा. नाही हलवलात, तर ती बाई जात नाही.