भिंतीवरचा परका माणूस

देवपुरातल्या शाळेत मी चित्रकला शिकवते. त्यामुळे घरात चित्राचा विषय निघाला की शहाणपण माझंच. नाना, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा सोनगीरच्या घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. माय म्हणाली, वर्षश्राद्धाला त्यांचं तोंड भिंतीवर पाहिजे, मला ते आठवेनासं होतंय. तिला एवढंच हवं होतं.

आधार कार्डावरचा पुसट फोटो घेऊन मी पेंटरकडे गेले. लहानपणी देवी आल्यामुळे नानांच्या तोंडावर वण होते, डावा डोळा बारीक, निम्मा मिटलेला. पेंटरने विचारलं, डोळा आहे तसाच काढू ना? मी म्हटलं, छे, दोन्ही सारखे काढा. त्या डोळ्याची मला कायम लाज वाटायची. वर चित्रात नानांना कोट घालायला लावला, खुर्चीत बसवलं, हातात पुस्तक दिलं, मागे फुटलेला कापूस. जन्मभर कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसलेला माणूस!

वर्षश्राद्धाची जेवणं झाली आणि मला चेव आला. चित्रापुढे उभी राहून वर्गात सांगते तसं सांगू लागले. खुर्ची म्हणजे मान, पुस्तक म्हणजे शिक्षणाची ओढ, कापूस म्हणजे मातीशी इमान, आणि ही सरळ नजर बघा, करारी स्वभाव तो हाच. पाहुणे माना डोलवत होते. मामा म्हणाले, पोरीने बापाचं नाव काढलं.

तेवढ्यात सकाळपासून स्वयंपाकघरात अडकलेली, चित्र अजून न पाहिलेली माय बाहेर आली. चित्राकडे नजर जाताच तिने चटकन पदर कपाळाखाली ओढला आणि तोंड फिरवलं. आमच्याकडे सासऱ्या-जेठापुढे नाहीतर परक्या पुरुषापुढे बायका असा पदर ओढतात. मला हळूच म्हणाली, “हाऊ कोन शे, बेटा?”

हा कोण, हे तिचं विचारणं सगळ्यांनी ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नाना आहेत, असं कसंबसं सांगितलं, तर ती म्हणाली, “मंग त्यासना बारीक डोया कोठे गया?”

दुसऱ्या दिवशी चित्र उतरवून पेंटरकडे नेलं. फोटोत धड दिसत नाही, डोळा नक्की किती मिटलेला, वण कुठे कुठे, त्याने विचारलं. मला सांगता येईना. त्या तोंडाकडे मी कधी धड बघितलंच नव्हतं. तिथूनच मायला फोन लावला, म्हटलं, आठवून सांग.

 ती म्हणाली, आता डोळे मिटले की तो कोटवालाच दिसतो.