उभ्या गाडीतली वीज

आईला रात्री झोपताना श्वासाचं मशीन लागतं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या टोकाला उशाशी ठेवायचा डबा. एकही रात्र त्याच्याशिवाय झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, भिवापूरच्या पुढे एका खेड्यात राहते. ती आता खाटेवरून उठत नाही. तिथे संध्याकाळी गेलेली वीज कधी कधी सकाळीच येते. त्यामुळे तीन वर्षं मी आईला सकाळी न्यायचो आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचो. निघताना दर वेळी मावशी म्हणायची, "एक रात तरी थांब वं." आई पिशवी उचलायची.

आमच्याकडे एक गाडी होती. जुनी बारा सीटची व्हॅन घेऊन मी आणि बायकोने तिच्यात बिछाना, छोटा ओटा, दिवे आणि पंखा बसवून घेतला होता. दोन सहली झाल्या आणि गाडी घराशेजारच्या टिनाच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. बिछान्याखाली शंभर-शंभर अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या होत्या. त्यांच्यावर मशीन चाललं, तर आईला मावशीकडे रात्र काढता येणार होती. आईचं मशीन आणि वीज बदलून देणारा इन्व्हर्टर मिळून पाच अँपिअर ओढतात. आठ तासांचे चाळीस झाले. बॅटरी निम्म्याखाली उतरवली की खराब होते, म्हणून दोनशेपैकी वापरायला शंभरच धरायचे. त्यात दोन रात्री निघतात आणि वर वीस उरतात. अट एवढीच होती की मावशीचं बोलावणं येईल त्या दिवशी बॅटऱ्या भरलेल्या हव्यात. ते कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

होळीनंतर मी दर रविवारी घरातून वायर ओढून दिवसभर चार्जर लावायला लागलो. संध्याकाळी मीटरवर १२.७ व्होल्ट यायचं, म्हणजे बॅटऱ्या पूर्ण भरल्या, ते वहीत लिहायचं. पडून असलेली चांगली बॅटरी आठवड्यात फारशी उतरत नाही, असं मी ऐकलं होतं. पण पुढच्या रविवारी चार्जर लावायच्या आधी पाहिलं तर ११.९, म्हणजे निम्म्याहूनही खाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बॅटरीवाल्याने वरवर पाहिलं, ही नागपूरची गर्मी आहे, दोन्ही बदलून टाका म्हणाला. मी बदलल्या नाहीत. वीज कुठे जाते हे कळल्याशिवाय नव्या टाकल्या, तर त्याही तशाच उतरणार. मी बॅटरीचं पाणी पाहिलं, टर्मिनल घासले, रोज सकाळी रीडिंग घ्यायला लागलो. बायको म्हणाली, घरात कुणाला ताप आला तरी इतक्या वेळा मोजत नाही तुम्ही.

मे महिन्यात एका सकाळी मी मीटर घेऊन गाडीत गुडघ्यांवर बसलो होतो. आपल्याला कुठे झोपवणार ते पाहू, म्हणून आई आत आली आणि बिछान्यावर टेकली. मग मान तिरपी करून ऐकू लागली.

"बाबू, आत काहीतरी गुणगुणून राहिलं."

काही नाही, मी सगळं बंद केलं आहे, असं मी सांगितलं. तिने ऐकलं नाही. तीन वर्षं मशीन उशाशी घेऊन झोपते, तिला तो आवाज कळतो. तिने ओट्याखालच्या कपाटाकडे बोट केलं. मी दार उघडलं. आत इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला होता.

"हे काहून चालू आहे?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण द्यायची लाज वाटली. घरचा इन्व्हर्टर आपण कधी बंद करत नाही. वीज गेली की त्याने आपणहून चालू व्हायचं, हिरवा दिवा दिसला की सगळं ठीक आहे असं समजायचं. तीच सवय मी गाडीत नेली होती. दिवे बंद केले, पंखा बंद केला, याला हात लावला नाही. मीटर लावलं तर काहीही न चालवता तो एक अँपिअर ओढत होता. दिवसाचे चोवीस, सहा दिवसांचे एकशे चव्वेचाळीस.

"मोजूनच राहिला तू," आई म्हणाली. "एकदा कान लावला असता, तर अर्धा उन्हाळा वाचला असता."

त्या आठवड्यात मी बॅटऱ्यांजवळ एक मुख्य स्विच बसवला. गाडीतून उतरताना तो पाडायचाच. पुढच्या रविवारी १२.६ आलं. एवढ्याने माझा विश्वास बसेना. जूनमध्ये मुद्दाम तीन आठवडे चार्जर लावला नाही. तरी १२.५. मग पूर्ण रात्रीची परीक्षा दिवसा घ्यायची ठरवली. मी नुसतं मशीन चालवून पाहणार होतो, आईला ते पटलं नाही. माणसाशिवाय कसली परीक्षा, म्हणत ती सकाळी आठ वाजता मास्क लावून गाडीत आडवी झाली. मधे दोनदा चहाला उठली. तो वेळ मी वेगळा लिहिला आणि शेवटी तेवढाच वाढवून घेतला. आठ तास भरल्यावरही मीटर १२.४ दाखवत होतं.

दिवाळीनंतर एका गुरुवारी मावशीच्या सुनेचा फोन आला. सासूला ती आत्याबाई म्हणते. आत्याबाई जेवत नाहीत, सारखं बहिणीचं नाव घेतात. मी फोन ठेवून शेडमध्ये गेलो. १२.६. तासाभरात आम्ही उमरेडच्या रस्त्याला लागलो.

मावशीच्या खोलीच्या खिडकीला लागून गाडी उभी केली आणि वायर आत घेतली. आईची खाट मावशीच्या खाटेला जोडून टाकली. सात वाजता वीज गेली.

सकाळी मी आत गेलो तेव्हा वीज आलेली नव्हती. आईने मास्क काढून ठेवला होता. मावशीला तिने उशांना टेकवून बसवलं होतं आणि वाटीतला भात चमच्याने भरवत होती. मावशी तोंडात घास घेऊनच सांगत होती की रातभर तुझं मशीन फुसफुस करून राहिलं, मले झोप नाही आली. आई म्हणाली, तू घोरत होतीस वं, मीच जागी होती.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"किती उरली?"

"अजून एक रात्र निघते."

"मंग आज नाही जात मी."

मी ऑफिसला फोन करून आणखी एक दिवस सुटी सांगितली. मग चार्जरची वायर स्वयंपाकघरातल्या प्लगपर्यंत नेली आणि बटण दाबून ठेवलं. दिवसात दोन तास जरी वीज आली, तरी ती वाया जाऊ द्यायची नव्हती. आज रात्रीनंतर वीस उरणार होते; आणखी वीस भरले, की तिसऱ्या रात्रीचंही जमणार होतं.