हिंदकळू नये म्हणून

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. इस्लामपूर-सांगली एसटीत त्या माझ्याशेजारी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला त्यांचा मुलगा ती घरी विसरला होता, आणि आजच त्याचा प्रोजेक्ट तपासणार होते. माझाही आजच होता. काल नीट चाललेला प्रोग्रॅम निघताना बंद पडला होता.

खड्डा आला, की त्या दुधाची चरवी धरावी तशी बॅग दोन्ही हातांनी अलगद उचलायच्या.

"मावशी, खाली ठेवा. काही होत नाही."

"व्हय रं, पण चार वर्सं पोरगं ह्यातच समदं साठवतंय. हिंदकळलं तर?"

मला हसू आलं. मग पुढचा खड्डा दिसला, आणि पायाशी ठेवलेली माझी लॅपटॉपची बॅग मी झटकन उचलून धरली.